वैशालीचं हृदय लॅपटॉपवर

वैशाली गेली त्याला आज वर्ष झालं, आणि तिचं मॉडेल अजून म्हणतंय की ती जगायला हवी होती.

हे वाचून ती आधी हसली असती.

आम्ही दोघी पुण्यात एकाच लॅबमध्ये. मी केडगावची, ती कोपरगावकडची, घरी ऊस. आमचं काम म्हणजे माणसाचा एमआरआय आणि ईसीजी घ्यायचा आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचंच हृदय उभं करायचं. मशीन लर्निंगनं ते त्या माणसाच्या ठोक्यांशी जुळवत न्यायचं. मग औषध आधी त्या हृदयाला देऊन बघायचं.

वैशालीचे स्वतःचे ठोके अधूनमधून बिघडायचे. डॉक्टर म्हणाले, छातीत यंत्र बसवावं लागेल. बाईसाहेबांनी काय करावं? स्वतःचाच एमआरआय मॉडेलमध्ये घातला!

"भीती नाही वाटत का गं?"

"वाटते ना, लई वाटते. पण स्वतःला आतून बघायला कुणाला मिळतं?"

खंडेनवमीला मी तिच्या गावी गेले होते. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, पूजेला सगळं मांडलेलं. कोयते, विळे, पाने-पक्कड, शिलाई मशीन, अगदी मिक्सरसुद्धा.

"तुझा लॅपटॉप बी आण. आन् बंद कर. आज हत्यारांना विसावा असतो."

"आई, गणित चालू आहे. बंद केलं तर सगळं पहिल्यापासून!"

"माझं मशीन थांबतं, तुझंच काय लई नवलाचं?"

दोघी हट्टी. शेवटी वैशालीनं स्क्रीन आईकडे वळवली. लाल-निळं काहीतरी आकसत होतं, फुलत होतं.

"काय हाय हे?"

"माझं हृदय."

काकूंचा कुंकवाचा हात तसाच राहिला. कितीतरी वेळ बघत होत्या. मग हळूच विचारलं, "तू बरी हुशील का, ते कळंल यात?"

"तेच विचारतेय त्याला."

काकूंनी लॅपटॉपच्या कडेला कुंकू लावलं. "मग ऱ्हाऊ दे चालू. देवीला मी सांगते."

मॉडेल म्हणालं, धोका कमी आहे. तरी तिनं गुमान यंत्र बसवून घेतलं. "मॉडेलवर रिसर्च पेपर टाकायचा असतो बाई, जीव नाही," असं वर मलाच ऐकवलं.

तरीही गेली. ठोके यंत्रानं सांभाळले, पण हृदयाचं बळच कमी होत गेलं. का, ते मॉडेलला दिसलं नाही. आम्हालाही नाही. मला अजून राग येतो, कुणावर ते कळत नाही.

तिची फाईल मी रोज उघडते. एखादा आकडा बदलते, पुन्हा चालवते, बघत बसते.

काल काकूंचा फोन आला.

"घावलं का गं, काय चुकलं ते?"

"नाही हो काकू."

मला वाटलं, आता रडतील.

"मग बघत ऱ्हा. माझी तर गेली. दुसऱ्या कुणाची तरी ऱ्हाईल."

बघतेय, वैशे. तुझी फार आठवण येते.