शेचाळीस नंबरची नळी

"यांना रविवार कळत नाही," असं ब्लाझेना एकदा काचनळ्यांकडे बोट दाखवत म्हणाली होती, तिला लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाला. तो पुन्हा आला नाही. ती मात्र दर रविवारी तळघरात जात राहिली.

प्रागच्या विद्यापीठातल्या त्या तळघरात तीनशे काचनळ्या होत्या. प्रत्येकीत एकाच पेशीचे जीव, शेपट्या हलवत बॅक्टेरिया खाणारे. आठवडा झाला की जुन्या नळीतला थेंब नव्या नळीत घालायचा, नाहीतर खाणं संपून ते मरतात. जुनी नळी आठवडाभर खालच्या फळीवर ठेवायची. नव्यातले जगले असं दिसलं की मगच ती उकळून ओतायची. एकेचाळीस वर्षं ब्लाझेना एवढंच करत आली.

भिंतीवर वंशवृक्षाचा तक्ता होता. माणूस आणि कार्प मासा एका फांदीवर, भूछत्रं त्यांच्या शेजारची, ओकचं झाड कुठल्याकुठे लांब. आणि पार बुंध्यापाशी फुटलेली, सगळ्यांशी फटकून असलेली एक फांदी. तिला एकच पान होतं: शेचाळीस नंबरच्या नळीतला जीव. दक्षिणेकडच्या एका तळ्याच्या गाळात तो सापडला होता. ते तळं पुढे बुजवलं. तसा दुसरा कुणाला कुठेच मिळाला नाही.

अकरा वर्षांपूर्वी नाताळच्या आधी बायका घर आवरतात तसं ब्लाझेनाने तळघर आवरलं. नव्या नळ्या भरल्या आणि त्याच दिवशी जुन्या सगळ्या उकळून ओतून टाकल्या. मग गावी गेली. आई आजारी पडली, चार दिवसांचे बारा झाले. परत आली तेव्हा बाकीच्यांनी कसाबसा तग धरला होता. शेचाळीसचं पाणी तेवढं नितळ होतं. मायक्रोस्कोपखाली ती संध्याकाळपर्यंत बघत बसली. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बारा नंबरमधला थेंब नव्या नळीत घातला आणि वर शेचाळीस लिहिलं. दिसायला दोघे सारखेच होते.

आईच्या घरी नाताळच्या रिवाजाप्रमाणे ताटात कार्प वाढला होता, तेव्हाच शेचाळीसमधला जीव मरत असणार. त्यानंतर तिने कार्प खाल्ला नाही. दर रविवारी ती शेचाळीसला खाऊ घाली, आणि त्या नळीकडे बघताना तिला आपल्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटे.

नोकरीच्या शेवटच्या दुपारी वर केक कापला गेला. तरुण संशोधक राडेक तिच्या वाट्याचा तुकडा घेऊन खाली आला.

"बाई, उद्यापासून रविवारचं काय करणार? मांजर पाळा."

"मांजर मरतं."

"तुमच्याकडे नाही मरायचं. तुम्ही त्यालासुद्धा नंबर चिकटवाल." तो हसला, मग स्टुलावर बसला. "तीन वर्षं शेचाळीसचा सगळा डीएनए वाचला. निघालं काय, तर बारा नंबर. साधा बारा."

ब्लाझेना केककडे बघत राहिली.

"आपल्या विभागप्रमुख सरांनी पंधरा वर्षांपूर्वी त्याचा छोटा तुकडा वाचला होता, तो वेगळाच होता. म्हणजे भेसळ माझ्याच हातून झाली."

"कशावरून?"

"मग काय तुमच्या हातून?" तो खरंच हसला. "राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी देतो. सासऱ्याचं टायरचं दुकान आहे, तिथे निदान एकाचं चाक दुसऱ्याला लागलं तर लगेच कळतं."

"बायको काय म्हणते?"

"रडते. काल बोललीच नाही."

ब्लाझेनाने खालचा खण ओढला. कापसामागून एक नळी काढली, तोंड मेणाने बंद केलेली, आणि त्याच्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं: शेचाळीस. खाली अकरा वर्षांपूर्वीची, डिसेंबरची तारीख.

राडेकने नळी दिव्याकडे धरली. "यात तर काहीच नाही, बाई. ही कुठली..."

मग त्याने तारीख वाचली. त्याची नजर भिंतीवरच्या त्या एकट्या फांदीवर गेली आणि तिथेच राहिली.

ब्लाझेनाने एप्रन खिळ्याला अडकवला, किल्ल्या केकच्या बशीशेजारी ठेवल्या, आणि जिना चढून निघून गेली.