अर्ध्यावरचा काटा

दादा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी घरी जनरेटरमध्ये पेट्रोल ओतत होते. दुसऱ्या दिवशी तो घरी यायचा होता, आणि मे महिन्यात नागपूरच्या लाइनचा काय भरवसा!

घरात आम्ही दोघंच, बहीण-भाऊ. दादाची फुप्फुसं आक्रसलेली. ऑक्सिजनचं मशीन थांबलं की जीव कासावीस. मशीनला नळी, नळीला दादा आणि दादाला मी... बांधलेलीच. लाइन गेली की तो पलंगावरूनच बटण दाबून मागच्या पडवीतला जनरेटर सुरू करी. पण त्याची टाकी ती केवढी! मी बाहेर असताना संपली तर? म्हणून मी उंबरठाच ओलांडत नसे. चिडायचे, भांडी आपटायचे. तो ऐकत पडून असायचा.

हिंगण्याच्या कारखान्यात त्यानं जन्मभर टाकीत पेट्रोल किती ते दाखवणारे काटेच बनवले होते. त्यानं आमच्या टाकीत एकात एक अशा दोन नळ्या उभ्या सोडल्या. "मधात पेट्रोल चढलं का नळ्यायची वीज धरायची ताकद वाढते, काटा वर सरकते," त्यानं समजावलं. काटा दाराशी लावला. तो अर्ध्याखाली नसला तरच मी बाहेर पडायचं, असं ठरलं. पेट्रोल कधी भरायचं ते तोच सांगे.

मग एकदा त्यानं माझी नेलपॉलिश मागितली. "काय गा दादा, नखं रंगवून राहिला का?" तो नुसता हसला... त्यानंतर काटा अर्ध्याखाली कधी आलाच नाही. "काहून बसून राहिली घरात? जा वं, काटा पाह्य ना!" मी इतवारीत मैत्रिणीच्या दुकानात जाऊन बसायचे, कापडं चाळायचे, मोकळा श्वास घ्यायचे. एकदा परतले तर जनरेटर गप्प, दादा घामानं थबथबलेला, ओठ निळसर. "काही नाही वं, लाइन आत्ताच आली," म्हणाला. काटा अर्ध्यावर होता, म्हणून मी जनरेटरवाल्याच्या नावानं बोटं मोडली.

परवा जनरेटर विकायला काढला. टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, थेंब ठेवला नाही. काटा उतरत आला आणि अर्ध्यावर थांबला. काट्याचं मागचं झाकण उघडलं. आतला स्क्रू पिळलेला होता. आणि बसवलेला स्क्रू हलू नये म्हणून कारखान्यात रंगाचा ठिपका देतात, तसा त्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.

फार राग आला दादाचा. माझ्या मोकळ्या श्वासासाठी स्वतःचा पणाला लावायचा, आणि मला विचारायचंसुद्धा नाही?

जनरेटर विकला नाही. आता मला अडवणारं कुणी नाही. चप्पल घालते, दाराशी येते, काट्याकडे बघते... अर्ध्यावर. जा वं, म्हणतो. मी चप्पल काढते आणि त्याच्या पलंगाशी येऊन बसते.