‘कुणीतरी’ आज रजेवर आहे
न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास कसा द्यायचा, हे नव्या डॉक्टरांना मी बाहुलीवर शिकवते, तेव्हा ‘कुणीतरी’ या शब्दाला बंदी असते. हा शब्द मीच एकदा भर वर्गात वापरला होता.

वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते. पत्रकांच्या घड्या घालतच मी वाढले. पुढारी म्हणजे ज्याचा आवाज मोठा, अशी माझी पक्की समजूत होती.

शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या मॅडमनी टेबलावर रबरी बाहुली ठेवली. "बाळ रडत नाही. प्रमुख तू. चल."

मी गरजले, "कुणीतरी मास्क द्या! कुणीतरी ठोके मोजा!"

सगळेच बाहुलीवर वाकले. मास्क ट्रेमध्येच राहिला. मदतीला उभ्या असलेल्या सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या. त्यांच्याकडे बघून काम सांगणं मला उद्धटपणाचं वाटत होतं.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "बाळ गेलं. ‘कुणीतरी’ नावाची सिस्टर आज रजेवर आहे."

सगळे हसले. घरी येऊन सगळं सांगत मी वडिलांवरच चिडले, "थोरामोठ्यांना नाव घेऊन हुकूम सोडायचे, ही कसली तुमची समता?"

"आगं, नुसतं पत्रक वाटून सभा भरतीया व्हय?" ते म्हणाले. "दारात जाऊन एकेकाला सांगाय लागतंय. आन् त्यो काय म्हणतोय, ते बी ऐकाय लागतंय की!"

पुढच्याच आठवड्यात मलकापूरकडच्या एका बाईचं पहिलं बाळंतपण होतं. बाळ निळसर, लुळं आणि गप्प. पुसून, पाठ चोळूनही श्वास घेईना. त्या वेळी प्रसूतिगृहात हजर असलेल्यांत मोठी डॉक्टर मीच होते.

वर्गातल्या त्याच सिस्टर सोबत होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "सिस्टर, ठोके तुम्ही ऐका. प्रत्येक ठोका बोटानं टेबलावर वाजवून दाखवा." सोबतच्या डॉक्टरला म्हटलं, "तू वेळ सांग." मास्क बाळाच्या नाकातोंडावर धरून मी हवेची पिशवी दाबू लागले.

सिस्टरांचं बोट संथ पडत होतं. ठक... ठक...

"डॉक्टर, छाती हलंना. मास्क सैल हाय."

आठवड्यापूर्वी हे मला झोंबलं असतं. मी बाळाची मान सरळ केली, मास्क नीट बसवला. इवलीशी छाती वर आली. बोट भराभर पडू लागलं. "एक मिनिट झालं," सोबतचा डॉक्टर म्हणाला, आणि थोड्याच वेळात बाळानं असा टाहो फोडला की बाहेरची आजी दारावर येऊन धडकली.

सिस्टर बाळाला गुंडाळत म्हणाल्या, "ह्याचा आवाज तुमच्यावरच गेलाय की, डॉक्टर!"