गाव सापडले नाही

मे महिन्यात अकोल्यात कुणाशी बोलणं रेकॉर्ड करायचं असेल, तर सगळ्यांत आधी कूलर बंद करावा लागतो. त्याची घरघर माइकमध्ये शिरते. कूलर बंद झाला की समोरच्याच्या कपाळावर घाम, माझ्या पाठीवर घाम, आणि त्या घामात आम्ही दोघं गंभीर चेहऱ्यानं वेबसाइट या विषयावर बोलतो. हे माझं काम आहे. अमरावती आणि अकोल्यातल्या वेब डेव्हलपरांचं एक छोटं मंडळ आहे. त्यांच्यासाठी मी दर महिन्याला एकाशी गप्पा मारते, आणि ते त्या आपल्या साइटवर ऐकायला ठेवतात. आधी मी रेडिओवर हंगामी निवेदक होते. आवाज अजून बरा आहे, पेन्शन नाही, म्हणून हे.

प्रश्न तीनच, मंडळानं ठरवून दिलेले. सध्या काय बनवताय? अडचण काय आली? त्यातून काय गवसलं? पहिल्या दोन-चार वेळा मी उत्साहानं विचारले. आता विचारताना माझं मलाच जांभई आवरावी लागते, कारण उत्तरंही ठरलेलीच. माइक दिसला की आपल्याकडच्या चांगल्या मोकळ्या माणसाला काय होतं कोण जाणे. तो एकदम पुण्याला जाऊन आल्यासारखा बोलायला लागतो.

अकोल्याचा एक जण डाळमिलवाल्यांच्या वेबसाइट करतो. कूलर बंद असताना तो मला म्हणाला, ‘ग्राहकाच्या गरजा समजून घेणं हेच या क्षेत्रातलं खरं आव्हान आहे.’ मी माइक बंद केला, त्यानं धावत जाऊन कूलर लावला, शर्टाची दोन बटणं सोडली आणि म्हणाला, ‘काय सांगू मॅडम तुमाले! त्या शेटनं लोगो मोठा कर, लोगो मोठा कर म्हणून जीव खाल्ला माहा. आता साइटवर नुसता लोगोच दिसून राहिला. त्याले म्हटलं, शेटजी, डाळ कुठं दाखवू? त म्हणे, डाळ लोकायनं पाहिली हाय, लोगो नाही पाहिला.’

मी पोट धरून हसले. पण ते हसू रेकॉर्ड झालं नाही. माझ्या कामाची ही अशी गत आहे. ऐकण्यासारखं जे असतं ते कूलरखाली जातं, आणि लोकांना ऐकायला उरतो तो घाम. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ठरवते की पुरे झालं आता, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा माइक घेऊन निघते.

यंदाच्या मे महिन्यात अमरावतीच्या एका मुलीचा नंबर होता. राजापेठेकडे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. दोन टेबलं, एक कूलर, पाण्याची कॅन. वय तिशीच्या आतलं. खेड्यातून शिकायला आली, पदवी घेतली, आणि नोकरीमागे न लागता स्वतःचं काम सुरू केलं. तिची आई नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवायची. त्या कॉलरवरच ही शिकली, हे तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. मला ती आवडली.

पण माइक लावला आणि हीसुद्धा गेली पुण्याला. तिसऱ्या प्रश्नाला म्हणाली, ‘वापरणाऱ्याचं ऐकायला शिकले. तोच आपला खरा गुरू असतो.’ हेच वाक्य मी आधी किती तोंडांतून ऐकलंय. हिनं ते न अडखळता एका दमात म्हटलं, पुन्हा घ्यावं लागलं नाही, एवढाच काय तो मला आनंद. मी माइक बंद केला, कूलर लावला आणि पदरानं मान पुसली.

ती जागची हलली नाही. चहा सांगते म्हणाली होती, तेही विसरली. मग म्हणाली, ‘मॅडम, आता जे बोलली ना मी, ते खोटं हाय.’

‘सगळेच खोटं बोलतात गं,’ मी म्हटलं. मला घरी जायचं होतं.

‘तसं नाही. माह्यामुळं आईचं काम गेल्यासारखं हाय.’

मग तिनं सांगितलं ते असं. आईच्या कारखान्याची बस गावोगाव फिरून बायकांना घेते. पूर्वी रस्त्यावर उभं राहून हात दाखवला की बस थांबायची. मग ठरलं की कुठून कोण येणार ते आदल्या संध्याकाळी मोबाइलवर नोंदवायचं. नोंद नसेल त्या गावात बस वळणारच नाही. ही नोंदणीची साइट बनवायचं काम हिला मिळालं. आई ज्या बसनं जाते त्या बसचं काम आपण करतोय म्हणून हिला कोण आनंद! आईनं तर शेजारपाजारी सांगून ठेवलं.

यांच्या गावाचं नाव कुऱ्हा. या नावाची गावं आपल्याकडे एकाहून जास्त आहेत, त्यातलं हे अगदी लहान. तिथून त्या बसला जाणारी हिची आई एकटीच. पहिल्याच संध्याकाळी आईनं मोबाइलवर गावाचं नाव लिहिलं, आणि उत्तर आलं, ‘गाव सापडले नाही.’ हे वाक्यही लेकीनंच लिहिलेलं.

आईनं फोन केला. ‘माहं गावच नाही म्हनते वं ते.’

‘आई, तू चुकीचं लिहून राहिली असशील. नीट पाहून लिही.’

‘पाहूनच लिवलं.’

‘मंग माह्याकडे कसं काय येऊन राहिलं?’

आणि तिच्याकडे खरंच येत होतं. कारण ती तपासत होती इंग्रजी अक्षरांत, आणि यादीत गावांची नावं इंग्रजीतही होती. कुऱ्ह्यात जन्मलेली, कुऱ्ह्याच्या शाळेत बाराखडी शिकलेली पोरगी, पण तिनं आपल्या गावाचं नाव एकदाही मराठीत टाकून पाहिलं नाही. ‘कामात सवयच नाही मॅडम,’ ती म्हणाली. ‘बोटं आपोआप इंग्रजीवरच जातात.’

आता हा आपला अर्धा र मोठा नाठाळ. वऱ्हाड म्हणा, कुऱ्हाड म्हणा, शेतकऱ्याला हाक मारा, त्याच्यावाचून पान हलत नाही. संगणकात तो दोन प्रकारांनी लिहिता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. दिसायला दोन्ही अगदी सारखे, पण एकात मध्ये एक चिन्ह असतं जे डोळ्यांना दिसतच नाही. गावांची यादी कुणीतरी ऑफिसात टाइप केली होती, त्यात ते चिन्ह पडलं. आईच्या मोबाइलनं लिहिलेल्या नावात ते नव्हतं. माणसाला एकच गाव दिसत होतं, मशीनला दोन.

आईनं बरेच दिवस झटापट केली. ‘तूच नोंदव ना’ असंही म्हणाली. पण नोंद करताना आईच्याच मोबाइलवर ओटीपीचा नंबर यायचा, तो तिनं फोनवरून वाचून दाखवायचा, आणि त्या वेळी हिची दुसरी कामं चालू असायची. ‘रोज रोज मी कुठं करत बसू? शिकून घे ना आता,’ असं ही एकदा तोडून बोलली. मग आईनं पुन्हा म्हटलं नाही. फाट्यापर्यंत पायी जाऊन एसटी धरायची, उशिरा पोचायची, गेटवर बोलणी खायची. शेवटी म्हणाली, ‘मले नाही जमत वं ते मोबाइलचं,’ आणि घरी बसली.

पुढं एक दिवस लेकीनं आईच्या जुन्या मेसेजमधून गावाचं नाव उचलून साइटवर टाकलं. गाव सापडले नाही. एका दुपारात तिनं दुरुस्ती केली. पण आईला मात्र सांगितलं नाही. त्याला आता महिना होत आला होता.

‘काहून नाही सांगितलं?’ माझ्या तोंडून माहेरची भाषा निघाली.

‘रोज ठरवते मॅडम. रोज फोन होते. जेवली का, नळ आला का, एवढं बोलते आन ठेवते.’

‘आणि कारखान्यातली आईची मशीन?’

‘सुपरवायझर बाई चांगल्या हायेत. म्हणाल्या होत्या, काही दिवस जागा ठेवतो.’

माझं डोकं सणकलं. मी दमलेली होते, दमलेल्या माणसाला दया कमी सुचते. ‘गुरूचं ऐकायला शिकलीस म्हणालीस ना? मग लाव गुरूला फोन. आत्ता लाव,’ मी म्हटलं.

तिनं लावला. कूलरचा आवाज होता म्हणून स्पीकरवर ठेवला.

‘आई, ऐक ना. ते बसचं. तुही चूक नव्हती. तू बरोबर लिहून राहिली होती. माह्याच कामात गडबड होती.’

पलीकडून आवाज आला, ‘मले वाटलंच होतं. माहं गाव मी चुकीन का वं?’

‘मंग तवाच काहून नाही म्हटलं?’

‘तू शिकलेली हायेस. तू म्हनली चुकते, त मले वाटलं चुकतच असन.’

पोरीनं तोंडावर हात ठेवला. पण तिला विचारायचं ते तिनं विचारलं. ‘आता होते आई. आज संध्याकाळी लिही, सकाळी बस येते. बाईनं जागा ठेवली हाय ना?’

‘ठेवली होती,’ आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. ‘परवा मीच फोन केला त्यायले. म्हटलं, माह्यानं काही होत नाही आता, उगाच कोनाची जागा अडवून काहाले ठेवू? द्या दुसरीले. काल बसली ती माह्या मशीनवर.’ मग म्हणाली, ‘तू जेवली का?’

‘जेवली,’ पोरगी म्हणाली. तिनं फोन ठेवला.

धीर द्यायची वाक्यं मला भरपूर येतात, रेडिओवर तीच तर केली मी वर्षानुवर्षं. त्यांतलं एकही जवळ आलं नाही. मी माझी पिशवी आवरायला घेतली.

तेवढ्यात ती उठली आणि तिनं कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. समोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, तिसरा प्रश्न परत विचारा.’

मी माइक पुन्हा लावला. विचारलं, ‘यातून काय गवसलं?’

तिच्या कपाळावर घाम जमायला लागला. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तोही रेकॉर्ड झाला. मग ती माइकमध्ये, पुण्याला न जाता, म्हणाली, ‘माही आई बरोबर लिहून राहिली होती.’