परतीच्या वाटीतली साखर

रोह्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा धडा दरवर्षी येतो. यंदा तो शिकवणं नकोसं झालं. याच आजाराने नवरा गेला. धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून खोकत घरी आला, आणि दवाखान्यात नेला तो परत आलाच नाही.

"हा जिवाणू आत साखरेचे तुकडे बनवतो," मी फळ्याकडे तोंड करून, आकृती काढत सांगत होते. "त्याच्या पातळ पडद्यातली प्रथिनं म्हणजे दारं. ती हे तुकडे बाहेर काढतात. बाहेर त्यांच्या साखळ्या होतात, अंगावर बुळबुळीत पांघरूण चढतं. आपल्या शरीराच्या पेशी पकडायला जातात, तर हा निसटतो."

"मॅडम, चहातली साखर?" मागच्या बाकावरून आलं. वर्ग हसला.

"चहातली नव्हे, तिची लांबची भावंडं," मी खेकसले आणि तास लवकर सोडला.

पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात घरी आले. कुलूप काढून आत गेल्यावर "आलीस का?" असं कुणी विचारत नाही. मला ते अजून सहन होत नाही.

शेजारच्या मावशींचं माहेर पेणचं. नवरा गेल्यापासून त्या सारख्या काहीतरी घेऊन दारात येत. कधी वाटीभर वालाचं बिरडं, कधी भाजलेले पोह्याचे पापड.

"बरी हायस ना गो?"

"बरी आहे, मावशी."

वाटी रिकामी परत करू नये, ही आईची शिकवण. म्हणून मी त्यांची वाटी धुऊन, साखर घालून उंबऱ्यावरूनच परत द्यायचे. वाटीत साखर, जिभेवरही साखर. आत या, असं काही म्हणत नव्हते. त्या आत आल्या असत्या तर मी रडले असते.

त्या संध्याकाळी त्या आल्या, तशी मी साखरेची वाटी पुढे केली. हात तिथेच थबकला. सकाळी फळ्यावर काढलेलं दार आठवलं: साखर बाहेर द्यायची, आणि पांघरुणाआड निसटायचं. मावशींनी वाटी घेतलीच नाही. त्यांच्याच हातात साखरेने भरलेली बरणी होती.

"ही सगळी तुझीच हाय. मला डायबेटीस, एक दाणा चालत नाय. आता चहा टाक. बिनसाखरेचा घेईन, पण आत बसून."

मी दारातून बाजूला झाले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

ओट्यावर एकच कप होता, माझा. नवऱ्याचा वरच्या फळीवर पालथा ठेवलेला. स्टुलावर चढून तो काढताना मला रडू फुटलं. मावशींनी गॅस बारीक केला.