आखूड काडाचा गहू

नाव: तुसुरो गेनामो. वय: अंदाजे पन्नास. राहणार: आर्सी, इथिओपिया. जमीन: एक हेक्टर. निवास: स्वतःचा, सुस्थितीत. सदर शेतकऱ्याने अनुदानित सुधारित बियाणे व खत यांचा अवलंब केल्यामुळे त्याचे गव्हाचे उत्पादन दुप्पट झाले असून जीवनमान उंचावले आहे. सदर शेतकरी समाधानी आहे.

हे वर्णन कृषी केंद्राच्या भिंतीवर तुसुरोच्या फोटोखाली लावलेलं आहे. त्यातलं दुप्पट उत्पादन खरं आहे. उगाच कशाला नाकारा.

आमच्याकडचा जुना गहू छातीएवढा वाढायचा. दाणा बेताचा, पण काड लांब आणि चिवट. घरं त्यानेच शाकारली जायची. अनुदानाचा गहू मांडीच्या वर जात नाही. सगळा जोर ओंबीत. काही घरांवर गवत असे, पण खत निम्म्या किमतीत मिळू लागल्यावर लोकांनी कुरणंही नांगरली आणि तिथेही गहूच पेरला. तुसुरोचं छप्पर त्या वर्षी शाकारायला आलं होतं, आणि गावात एवढं काड कुठेच नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं, घरामागच्या कोपऱ्यात जुना गहू टाकायचा. बायकोने, गिशेने, वाळक्या भोपळ्यात थोडं बी राखून ठेवलं होतं.

केंद्राचा लेमी धावत आला. पोरगा वाईट नव्हता, फक्त शिकलेला होता.

"तुसुरोकाका, सगळ्यांच्या शेतांच्या सलग पट्ट्यात एकच वाण, तरच अनुदान, असा नियम आहे. तुम्ही म्हणता कोपरा, पण वरून बघणाऱ्याला भोक दिसतं."

"वरून कोण बघतंय, साहेब?"

"बघितलं कुणी तर? पट्टा फुटला तर सगळ्यांनाच खत पुऱ्या किमतीत घ्यावं लागेल."

हे शेवटचं वाक्य तो जरा मोठ्याने बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी तुसुरोकडे कॉफीला हजर. गिशे कॉफीच्या बिया भाजत होती.

"वहिनी, तुमच्या छपरापायी आमची माती उपाशी ठेवायची का?" कबेतोने सुरुवात केली. त्याचं शेत तुसुरोच्या बांधाला लागून. मातीचं त्याचं खरंच होतं. तिला खताची अशी चटक लागली होती की खत नसलं तर ती पूर्वीएवढंही पिकवत नव्हती.

"तुझ्या डोक्यावर पत्रे आहेत, कबेतो. तुला आभाळाची काय फिकीर?" तुसुरो म्हणाला.

"मग तूही घाल की पत्रे! पीक दुप्पट येतंय, आणि हा बसलाय काडाला कवटाळून!"

सगळे हसले. तुसुरोही हसला, कारण हसणाऱ्यांत आपण नसलो की माणूस एकटा पडतो. गिशे कप भरत राहिली. पहिला कप झाला, दुसरा झाला. तिसऱ्याआधी ती उठली, भोपळा उतरवला आणि बी भरडायला बसली.

"अगं, ते बी आहे!"

"पेरायचं नाही तर बी कसलं? आलेल्या माणसांना उपाशी धाडू?"

लोणी घालून शिजवलेला भरडा तिने सगळ्यांना वाढला. कबेतोने दोनदा घेतला.

"असा गहू आता खायला मिळत नाही, वहिनी."

"नाही मिळत," गिशे म्हणाली. "हा शेवटचा."

पीक दणकून आलं. सगळ्यांचं एकाच आठवड्यात आलं, एकाच बाजारात गेलं, आणि व्यापाऱ्याने मनाला येईल तो भाव दिला. पत्रे पुढच्या वर्षावर गेले. आखूड काड बैलांनी खाल्लं. तुसुरोने खताची रिकामी पोती उसवून छपरावर अंथरली आणि दगड ठेवले. त्याखाली एक पावसाळा निभावला.

पुढच्या सुगीनंतर राजधानीहून पाहुणे आदर्श शेतकऱ्याचा फोटो काढायला निघाले. लेमी आधीच येऊन घराकडे बघत उभा राहिला.

"काका, ती पोती उतरवा. घर गरीब दिसतंय."

"गरीबच आहे, साहेब."

"असेल. पण फोटोतही असायला हवं का? आणि बियाण्याचं वाटप माझ्या हातात आहे, हे मी काही बोलून दाखवत नाही."

वर्षभर उन्हात तापलेली पोती उतरवताना हातातच भुगा झाली. फोटो छान आला. छापताना घर कापलं गेलं. तुसुरो आणि मागे गव्हाची रास, एवढंच उरलं.

नवी पोती खताबरोबरच मिळणार. खत जूनमध्ये येणार होतं. जूनमध्ये पाऊस आला. खत जुलैअखेरीस आलं, घराची भिजलेली मातीची भिंत त्याच्या आठवडाभर आधी पडली.

तुसुरो आणि गिशे आता बैलांच्या गोठ्यात राहतात. त्यावर अजून जुन्या गव्हाचं काड आहे.