पूजेतनं उचललेलं कटर

माझा लेक विहिरीत उतरतो. पोहायला न्हाई, पाठीवर हवेची टाकी बांधून. कुनाची मोटार बुडाली, कुनाचा पाइप गाळात रुतला, का ह्याला फोन येतो. पारनेरच्या आजूबाजूची लई गावं त्यानं अशी खालनं बघितलीत. माझे मालक विहीर खांदताना दरड कोसळून गेले, तवा हा मांडीवर हुता. मोठा होऊन ह्यानं परत विहीरच धरली. बोलून कोन ऐकतं, आन खायाला तर पायजे.

पयल्यांदा तो घरातला विळाच न्यायचा, करदोट्याला बांधून. खाली मोटारीचा दोर असतो, केबल असती, जुन्या तारा असत्यात. मानूस त्यात गुतला तर कापायला काय तरी पायजे ना. एकदा त्या विळ्याचं टोक त्याच्याच मांडीत घुसलं. वर आला तर भवतीचं पानी लाल. मी पदर फाडून त्याची मांडी बांधली.

मंग नगरवरनं सुरा आनला. एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला करवतीवानी दाते, आन टोक तर बघवत नव्हतं. पोटरीला पट्ट्यानं बांधायचा. गावात रुबाब झाला. लोक म्हनायचे, शिनिमातला हाय. सून म्हनली, बोकड कापायला बरा पडंल.

ज्या मानसानं त्याला टाकी घिऊन उतरायला शिकवलं, त्यानं तो सुरा बघून ह्याला चांगलंच झापलं. टोक कशाला पायजे, खाली कुनाला भोसकायचंय? आन पायच गुतले तर पोटरीपातुर हात जाईल का? छातीवर बांध, कुठल्या बी हाताला गावंल असं. आन एक न्हाई, दोन ठिव. एक सुटून पडलं तर दुसरं असावं.

ते ह्याला पटलं. मंग दोन बारकी हत्यारं आनली. एक जाड कातर, बोथट टोकाची. दुसरं कटर, तळहातायेवढं, आकडीवानी वाकडं, पातं आतल्या अंगाला लपलेलं. दोर आत सरकवायचा आन वढायचं. सून हसली, म्हनली ह्यानं सुपारी तरी तुटंल का. मी गायीचं नायलॉनचं दावं आनलं, आकडीत घातलं, वढलं. लोन्यावानी तुटलं. म्हनलं, हां, हे असू दे. तवापासनं ती दोनी त्याच्या छातीवर असायची, आन सुरा गोठ्यात गंजत पडला.

मंग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिशी घरातली समदी हत्यारं धुवून पुसून पाटावर मांडत्यात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पाना, पक्कड. हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, आन दुसऱ्या दिशी दसऱ्याला पूजा हलवस्तवर कोनी हात लावायचा न्हाई. सुनंनं कटर आन कातर बी मांडली. पूजा झाल्यावर मी तोरनाला झेंडू तोडायला रानात गेल्ते. घरी आले तर लेक न्हाई.

सून म्हनली, एका गायवाल्याची मोटार रुतून बसलीय, गाया सकाळपासनं तहानलेल्या, लई गयावया केली त्यानं, म्हनून ते गेलेत.

मी पाटाकडं बघितलं. कटर हुतं. कातर हुती. दोनीवर कुंकू, दोनीवर फूल.

"मंग नेलं काय त्यानं?"

"सुरा नेला, गोठ्यातला. म्हनले, पाटावरचं आज हलवायचं न्हाई."

मी हातातले झेंडू तिथंच टाकले. हत्यारांना सुट्टी दिली आन सोता उतरला. आसं कसं सुचलं त्याला? आन आमी घरात बसून फुलं वाहिली.

"उचल ते," मी म्हनले.

"आत्याबाई, उद्यापातुर हात लावत न्हाईत."

मंग मीच उचललं. कटर कनवटीला खवलं. तवा सुनंनं कातर उचलली, पदराला पुसली आन स्कुटी काढली.

विहिरीवर त्याचा कामातला जोडीदार दोर धरून हुभा. लेकाच्या कंबरंला बांधलेला दोर तो. गायवाला कठड्याला टेकून गपगार.

जोडीदार म्हनला, "मावशी, वढतोय तर येत न्हाई. लई वढलं का खालनं झटके देतो, थांब म्हनून."

तवा गायवाल्यानं तोंड उघडलं. पाला पडू नये म्हनून विहिरीच्या तोंडावर नायलॉनचं जाळं बांधलं हुतं, ते उन्हाळ्यात तुटून आत पडलं, सांगायचं ध्यानातच आलं न्हाई. हात जोडले त्यानं. खाली बुडबुडे येत हुते, एकाच जागी. जागा हालत नव्हती.

"हवा किती हाय?" सुनंनं इचारलं.

"हाय. पर लई न्हाई."

टाकी एकच, ती त्याच्याच पाठीवर. दुसरं कोन उतरनार? मी कटर काढून जोडीदाराच्या हातात दिलं. त्यो शाना. बादलीची लोखंडी कडी काढली, कटर तिला घट बांधलं, आन कडी लेकाच्याच दोरात वरनं घालून सोडून दिली. घसरत घसरत पान्यात गेली. कटरावरची हळद पान्यावर पिवळी पसरली आन इरून गेली.

मंग काय न्हाई. दोर गप. कोन किती येळ हुभं हुतं ते मला सांगता यायचं न्हाई. विहिरीच्या कपारीत पारवा घुमत हुता तेवढं ध्यानात हाय.

मंग बुडबुडे सरकले.

तो वर आला. जोडीदारानं आन गायवाल्यानं मिळून पायऱ्यांवर घेतला. दोनी पायांना जाळं गुंडाळलेलं, बाकीच्या जाळ्यापासनं मांडीशी तोडलेलं. पोटरीवर तर मांस वर येईल आसं आवळलं हुतं, आन सुरा त्या जाळ्याच्या आत, म्यानात, तसाच. बोटं बी घालता आली नसती तिथं. तो धापा टाकत म्हनला, मोटार तशीच हाय, परत जावं लागंल, गाया तहानलेल्यात.

"टाकी सोडा," सून म्हनली. "टँकर मागवतील ते."

गायवाल्यानं हो म्हनून मान हालवली. माझे हात कठड्यावर आवळलेले, सुटंनात. सुनंनं एकेक बोट सोडवलं.

"आई," लेक म्हनला, "पूजा मोडली का मंग?"

"मोडली," मी म्हनले.

दसरा झाल्यावर तो त्याच विहिरीत परत उतरला, दोनी हत्यारं छातीवर बांधून. मी गेले न्हाई. घरात शेंगा फोडत बसले. जरा येळानं बघितलं तर टोपल्यात नुसती टरफलं, आन दाने समदे भुईवर टाकलेले. सुनंनं बघितलं, शेजारी येऊन बसली. सांजच्याला त्याची गाडी वाजली, तवा आमी दोघी दाने येचायला लागलो.